पऱ्हाटीतली साखर आणि ‘शिल्लक’ नावाचा रकाना

कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या कोणत्याही आडरस्त्याने जा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, ढीग लागलेले दिसतात. या पऱ्हाटीतून विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या मदतीने साखर सोडवायची, तिचं इथेनॉल करायचं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायचं, ही गोष्ट गेली पंधरा-वीस वर्षं आमच्या भागात अधूनमधून कानावर येते. कृषी प्रदर्शनात येते, मेळाव्यात येते, निवडणुकीच्या तोंडावर हमखास येते. तंत्र खरं आहे. देशात त्यावर कारखानेही उभे राहिले आहेत. तरी पऱ्हाटी अजून धुऱ्यावरच आहे. ते का, हे समजून घ्यायचं तर तंत्राचा इतिहास पाहावा लागतो आणि त्याच्या जोडीने एका शब्दाचाही. तो शब्द म्हणजे ‘शिल्लक’.

विकरांकडून झाडाचा काडीकचरा फोडून घेणं आपल्याकडे जुनंच आहे. माझ्या लहानपणी कपाशीच्या वावरात कडेच्या तासांना अंबाडी असायची. पाला भाजीला जायचा आणि काड्या नाल्यावर. आजोबा काड्यांच्या पेंढ्या बांधून डोहात दगडांखाली दाबून ठेवत. आठवडाभरात पाणी काळं पडे आणि असा वास सुटे की बाया तिकडे धुणं नेत नसत. दहाव्या-बाराव्या दिवसापासून आजोबा रोज एक काडी उपसून नखाने साल ओढून पाहत. साल बुडापासून शेंड्यापर्यंत एका ओढीत सुटली की त्याच दुपारी सगळ्या पेंढ्या बाहेर. दोन दिवस आधी काढल्या तर साल तुटते, चार दिवस उशीर झाला तर वाखच कुजतो. त्या वाखाचे कासरे, दावी आणि मोटेचे दोर होत.

डोहात काय चालायचं ते आज सांगता येतं. पाण्यातले जिवाणू पेक्टिन विरघळवणारी विकरं सोडतात. पेक्टिन म्हणजे सालीतले तंतू एकमेकांना धरून ठेवणारा डिंक. डिंक गेला की तंतू मोकळे होतात. तंतू सेल्युलोजचे, म्हणजे साखरेचे कण जोडून झालेल्या लांब साखळ्यांचे असतात, त्यांना धक्का लागायच्या आत आजोबा काम थांबवत. इथेनॉलच्या कारखान्याला मात्र तो तंतूच फोडायचा असतो. हे काम बैलाचं पोट रोज करतं. कडब्यातलं सेल्युलोज बैलाला स्वतःला पचवता येत नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव विकरं सोडून ते फोडतात आणि बैल रवंथ करत त्यांना मदत करतो. रवंथ म्हणजे पुन्हा पुन्हा बारीक दळणं. पुढे कारखान्यांना जे शिकावं लागलं त्याची सुरुवात इथेच होते: आधी दळा, मग विकराला द्या.

प्रयोगशाळेतला इतिहास थोडक्यात सांगतो. १८१९मध्ये एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जवसाच्या तंतूंचं जुनं कापड गंधकाम्लात भिजवून त्यातून साखर काढली. १८३३मध्ये फ्रान्समध्येच मोड आलेल्या जवातून स्टार्च फोडणारं विकर वेगळं झालं आणि १८३८मध्ये सेल्युलोज. म्हणजे कुलूप आणि किल्लीची कल्पना दोन्ही पाच वर्षांच्या अंतराने हाती आली होती, तरी पुढची शंभर वर्षं उद्योगाने आम्लाचाच रस्ता धरला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लाकडाच्या भुशावर, नंतर जर्मनीत आणि सोव्हिएत संघात लाकडावर असे कारखाने चालले. आम्ल झटपट काम करतं, पण त्याला थांबायचं कळत नाही. सुटलेली साखरही ते जाळतं आणि भांडी खातं. युद्धाच्या टंचाईत हे परवडलं, शांततेच्या काळात पेट्रोलपुढे टिकलं नाही.

विकराचा रस्ता उघडला तो कापसामुळे, आणि हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि कपडे महिन्या-दोन महिन्यांत कुजू लागले. सगळं सुती. कशामुळे कुजतंय ते शोधायला सैन्याने हजारो बुरश्या गोळा केल्या. त्यांतली एक सॉलोमन बेटांतल्या बोगनव्हिल इथल्या कुजक्या सुती कापडावरून आली होती. तिला आधी ट्रायकोडर्मा विरिडी म्हटलं गेलं. १९७७मध्ये ती वेगळी जात आहे असं ठरून तिला ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळालं. आज जगभर जैवभार, म्हणजे झाडापिकांचा काडीकचरा, फोडण्यासाठी वापरली जाणारी बहुतेक विकरं या एका बुरशीच्या वंशजांकडून येतात. सैन्याला तंबू वाचवायचे होते. १९७३च्या तेलटंचाईनंतर तीच प्रयोगशाळा उलटा प्रश्न विचारू लागली: ही बुरशी इतक्या सफाईने कापूस खाते, तर तिच्याकडून रद्दी कागदाची साखर करून घेता येईल का?

ट्रायकोडर्मा हे नाव आमच्या शेतकऱ्याला पाठ आहे. तूर आणि हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला चोळायची पुडी ती हीच, म्हणजे तिची सख्खी बहीण. पुडीतली बुरशी जिवंत असते, मातीत वाढते, रोगाच्या बुरशीवर चाल करते. कारखान्यात बुरशी टाकीतच राहते आणि तिने सोडलेलं विकर तेवढं गाळून घेतात. हा फरक गावात नेहमी पुसला जातो. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दोन किलो गूळ आणि एक बाटली टाकून जे डीकंपोजर बनवतात, त्यालाही लोक ‘कल्चर’ म्हणतात, ट्रायकोडर्मालाही कल्चर आणि कारखान्याच्या विकरालाही कल्चरच. मग प्रश्न येतो, ‘ड्रममधलं पाणी टाकून पऱ्हाटी सहा महिन्यांत सडत नाही, तर कारखान्यात तीन दिवसांत कशी फुटणार?’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की कारखाना तिला आधी वाफेने किंवा आम्ल-अल्कलीने मऊ करतो, पन्नास अंशांच्या आसपास तापमान राखतो आणि विकराची मात्रा मोजून देतो. शेतात यातलं काहीच नसतं.

मोजण्यावरून आठवलं. विकर ‘किती’ आहे हे ठरवणारं माप १९८७मध्ये जागतिक पातळीवर मान्य झालं आणि ते लिहिलं दिल्लीतल्या आयआयटीच्या एका प्राध्यापकाने. एक सेंटिमीटर रुंद, सहा सेंटिमीटर लांब, पन्नास मिलिग्रॅम वजनाची गाळणकागदाची पट्टी विकराच्या पाण्यात ५० अंशांवर एक तास ठेवायची आणि किती साखर सुटली ते बघायचं. हा गाळणकागद सरकीवर उरणाऱ्या आखूड तंतूंचा, म्हणजे पुन्हा कापसाचा. तंबू कापसाचा, मापाची पट्टी कापसाची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जीन्सचं कापड दगडांऐवजी विकराने घासून फिकं करायचं तंत्र आलं, तेही कापसावरच. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिम विणलं जातं. तिथल्या पोरांना बायोवॉश हा शब्द माहीत असतो, त्यामागची बुरशी माहीत नसते.

पण हे सगळं झालं बोंडातल्या कापसाचं. पऱ्हाटी ही वेगळी गोष्ट आहे. रुई जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते, तर पऱ्हाटी म्हणजे लाकूड. तिच्यात सेल्युलोज ढोबळमानाने ३५ ते ४५ टक्के, आणि लिग्निन २० ते २५ टक्क्यांच्या घरात. लिग्निन झाडाला ताठ उभं ठेवतं आणि विकराला आत येऊ देत नाही. शिवाय विकर त्याला चिकटून बसतं आणि वाया जातं. भंडारा-गोंदियाच्या भाताच्या तणसात लिग्निन कमी असतं, त्यामुळे साखर सुटायला ते सोपं, पण सिलिका भरपूर, म्हणून यंत्रांची झीज जास्त. एका पिकाच्या काडावर बसवलेली कृती दुसऱ्याला जशीच्या तशी लागू होत नाही, हे प्रदर्शनातल्या स्टॉलवर कुणी सांगत नाही.

कोणतंही एक विकर एकट्याने हे काम करत नाही. एक साखळी मधे तोडतं, दुसरं टोकाकडून कुरतडत जातं, तिसरं उरलेल्या जोड्या फोडून ग्लुकोज मोकळं करतं. १९५०मध्येच तंबूंवर काम करणाऱ्या संशोधकांनी म्हटलं होतं की यांच्याही आधी कुणीतरी घट्ट विणलेलं सेल्युलोज सैल करत असावं. तो कुणीतरी सापडायला साठ वर्षं गेली. २०१०मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांना तांब्याचा अणू पोटात धरणारं, ऑक्सिडेशनने साखळीला चीर पाडणारं विकर मिळालं, आधी खेकड्याच्या कवचातल्या कायटिनवर आणि लगेच पुढे सेल्युलोजवर काम करणारं. मग बाजारातल्या मिश्रणात ते आलं आणि मात्रा कमी लागू लागली. त्याआधी २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकी सरकारच्या पैशावर दोन मोठ्या विकर कंपन्यांनी किंमत वीस ते तीस पटींनी उतरवल्याचं जाहीर केलं होतं. त्या आकड्यांवर पुढे वाद झाला, पण उतार मोठा होता याबद्दल दुमत नाही.

तरीही अमेरिकेतले कारखाने चालले नाहीत. २००७च्या कायद्याने २०२२पर्यंत वर्षाला १६०० कोटी गॅलन सेल्युलोजी इंधनाचं लक्ष्य ठेवलं होतं. कॅन्सस आणि आयोवात २०१४-१५मध्ये मोठे प्रकल्प उघडले आणि २०१९ संपेपर्यंत तिथलं इथेनॉल थांबलं होतं. इटलीतला २०१३चा कारखाना २०१७मध्ये बंद पडला. कारणं अनेक होती, तेलाचे भाव पडले, कंपन्या विकल्या गेल्या. पण प्रत्येक कहाणीत एक गोष्ट परत परत येते: मक्याच्या धांड्यांबरोबर येणारी माती आणि खडे, गठ्ठ्यांना लागणाऱ्या आगी, पहिल्याच यंत्रात अडकणारा माल. विकरापर्यंत पोचायच्या आतच घोडं अडत होतं.

एक मात्र इथे नोंदवलं पाहिजे. स्टार्च फोडणाऱ्या विकरांनी केव्हाच बाजी मारली आहे. मक्याच्या दाण्यापासून इथेनॉल करणारे कारखाने त्यांच्यावरच चालतात, आणि २०२३च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आल्यावर मक्याकडचा ओढा एकदम वाढला. इथेनॉल काढून उरलेला मक्याचा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात स्वस्त पडतो आणि सोयाबीनच्या ढेपेशी स्पर्धा करतो. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्या बाजार समित्यांत तो मिळत नव्हता. त्यामागच्या कारणांत व्यापारी या चोथ्याचं नाव घेत होते. विदर्भाला विकरांचा पहिला मोठा धक्का असा लागला, पऱ्हाटीतून नव्हे, सोयाबीनच्या भावातून.

आता भारतातली पऱ्हाटीकडे येणारी वाट. सेल्युलोजी इथेनॉलचा पहिला प्रात्यक्षिक कारखाना २०१६मध्ये उत्तराखंडात काशीपूरला उघडला, रोज दहा टन काडीकचरा हाताळणारा, तंत्र मुंबईचं. २०१८मध्ये नवं राष्ट्रीय जैवइंधन धोरण आलं. २०१९मध्ये अशा प्रकल्पांना मदत म्हणून १,९६९ कोटी ५० लाख रुपयांची योजना जाहीर झाली. १० ऑगस्ट २०२२ला पानिपतला भाताच्या तणसावरचा कारखाना सुरू झाला: खर्च ९०० कोटींहून जास्त, वर्षाला दोन लाख टन तणीस, तीन कोटी लिटर इथेनॉल. २०२४मध्ये योजनेची मुदत २०२८-२९पर्यंत वाढवली गेली.

२०१८चं धोरण ज्या वाक्यावर उभं आहे ते असं, की देशात दरवर्षी १२ ते १६ कोटी टन जैवभार ‘शिल्लक’ आहे आणि त्यातून ३,००० कोटी लिटर इथेनॉल होऊ शकतं. तीन वर्षांनी, २०२१मध्ये, दुसऱ्या मंत्रालयासाठी झालेल्या अभ्यासात हीच शिल्लक सुमारे २३ कोटी टन निघाली. एकूण जैवभार ७५ कोटी टन धरला होता. तीन वर्षांत देशात इतका काडीकचरा वाढलेला नाही. मोजायची पद्धत वेगळी होती. आणि पद्धतीत मोजणं कमी, गुणाकार जास्त असतो.

हे मी खात्रीने लिहितो, कारण अशाच एका पाहणीत फॉर्म भरून घ्यायचं काम मी स्वतः केलं आहे, २०१७च्या बोंडअळीनंतरच्या उन्हाळ्यात. पीक, क्षेत्र, उत्पादन, काडीकचऱ्याचा वापर किती, आणि शेवटचा रकाना ‘शिल्लक’. काड कुणी तोलत नाही. धान्याच्या किंवा कापसाच्या उत्पादनाला एका ठरावीक गुणकाने गुणतात. कापसासाठी हा गुणक तीनच्या आसपास धरलेला होता. पण कशाच्या तीनपट? रुईच्या की सरकीसकट कापसाच्या? फॉर्मवर नुसतं ‘कापूस’ लिहिलेलं. शेतकरी कापूस म्हणतो तो सरकीसकट, क्विंटलमध्ये. सरकारी तक्त्यातला कापूस रुईच्या गाठींमध्ये. सरकीसकट कापसात रुई एक तृतीयांश. एकरी आठ क्विंटल कापूस पिकवणाऱ्याची पऱ्हाटी एका हिशेबाने एकरी चोवीस क्विंटल भरते, दुसऱ्याने आठ. कोरडवाहू वावरात हेक्टरी दोन-तीन टन, म्हणजे एकरी आठ-बारा क्विंटल पऱ्हाटी निघते, म्हणून दुसरा हिशेब खऱ्याच्या जवळचा. मी हा प्रश्न वर कळवला. फॉर्म बदलला नाही, आणि कोणत्या गावात कुणी कोणता कापूस लिहिला याची नोंदही कुठे राहिली नाही.

त्याहून अवघड होता वापराचा रकाना. कळंब तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारी बाई पऱ्हाटीच्या ढिगावर तुरीच्या काड्या रचत होती. मी विचारलं, “मावशी, यातली शिल्लक किती राहते?” ती म्हणाली, “शिल्लक म्हंजे काय जी भाऊ? हे पऱ्हाटी तं पोळ्यापर्यंत पुरवा लागते.” घरात सिलिंडर दिसत होतं. ते विचारलं तर म्हणे, “ते पावण्यायसाठी. रोजचं चुलीवरच.” ढिगातली जाड पऱ्हाटी चुलीला, बारीक फांद्या पाणी तापवायला, काही काड्या वाडीच्या कुपाला, म्हणजे कुंपणाला, आणि दोन भारे शेजारणीला, जिच्याकडे जमीन नव्हती आणि जी या घरी वेचणीला येत असे. हा शेवटचा वापर माझ्या फॉर्मवर कुठेच बसत नव्हता. मी शिल्लक शून्य लिहिली. संध्याकाळी पर्यवेक्षकाने सांगितलं की शून्य चालत नाही, तालुक्याची सरासरी टाका. सरासरी टाकली गेली.

याचा अर्थ शिल्लक नसतेच असा नाही. त्याच गावात वीस एकरवाल्याने सगळी पऱ्हाटी एका ठिकाणी ओढून काडी लावली होती, कारण उपटायला माणूस मिळत नव्हता आणि न्यायला ट्रॉली परवडत नव्हती. पूर्वी चिमट्याने एकेक पऱ्हाटी उपटत. आता ट्रॅक्टरने मोडतात. त्याच्याकडची पऱ्हाटी खरोखर शिल्लक होती. माझं म्हणणं एवढंच, की शिल्लक ही वस्तू घरागणिक आणि वर्षागणिक बदलते, आणि अहवालात ती जिल्ह्याच्या नावापुढे एक स्थिर आकडा होऊन बसते. कारखान्याची जागा त्या आकड्यावर ठरते. पानिपतएवढ्या, दोन लाख टनांच्या कारखान्याला हेक्टरी अडीच टनांनी ८० हजार हेक्टरांवरची सगळीच्या सगळी पऱ्हाटी लागेल, निम्मी गावात राहू दिली तर एक लाख साठ हजार हेक्टरांवरची. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी चार लाख हेक्टरांच्या पुढे असते, त्यामुळे कागदावर हे सहज बसतं. पण मोकळी पऱ्हाटी फुगीर असते. ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि वजनाला हलकी भरते. पन्नास किलोमीटरवरून ती आणायची तर डिझेलच मालाला खातं.

विदर्भाने हा शब्द आधी एकदा भोगलेला आहे, बांबूच्या बाबतीत. गेल्या शतकाच्या मध्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या करारांनी जात राहिला, तोही सवलतीत. जंगलातला बांबू तेव्हाही कागदोपत्री भरपूर होता, आणि त्याच जंगलाच्या काठचे बुरूड सुपं-टोपल्यांच्या बांबूसाठी खेटे घालत होते. २००९मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. तेव्हापासून किती बांबू शिल्लक आहे हे तिथे ग्रामसभा ठरवते. आता आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉलचा कारखाना २०२५मध्ये सुरू झाल्यावर गडचिरोलीकडे पुन्हा पाहिलं जाऊ लागलं, तर या वेळी विचारायला दारात कुणीतरी आहे. पऱ्हाटीला अशी ग्रामसभा नाही. ती खाजगी वावरातली, एकेकट्या शेतकऱ्याची.

बोंडअळीने तर गुंता आणखी वाढवला. बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली, २००२मध्ये आली, दोन जनुकांची २००६मध्ये, आणि २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातलं पीक दोन्ही जनुकांना न जुमानता फस्त केलं. तेव्हापासून सल्ला एकच: फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर जास्तीचा कापूस, घेऊ नका, डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाटी गावात साठवू नका. कारण न फुटलेल्या, वाळक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत बसते आणि पुढच्या हंगामाला तिथून निघते. मग एका खात्याच्या पत्रकात पऱ्हाटी अळीचं घर झाली, दुसऱ्याच्या पत्रकात ती मातीचा सेंद्रिय कर्ब वाढवायला श्रेडरने कुट्टी करून गाडायची वस्तू, आणि तिसऱ्याच्या अहवालात ऊर्जेची शिल्लक. तिन्ही पत्रकं एकाच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मी पाहिली आहेत. प्रत्येक पत्रक आपापल्या जागी बरोबर आहे, पण एकच पऱ्हाटी तिन्हींना पुरणार नाही, आणि चौथा हिस्सा कळंबच्या त्या मावशीच्या चुलीचा आहे, तो कुणीच धरलेला नाही.

माझ्या मते विकराचा कारखाना विदर्भात यावा. बोंडअळीच्या दृष्टीनेही तो उपयोगाचा आहे, कारण जानेवारीतच वावरातून बोंडांसकट पऱ्हाटी उचलून वाफेत घातली तर अळी उरत नाही, आणि ज्याच्याकडे आज काडी लावण्यावाचून मार्ग नाही त्याला दोन पैसे मिळतात. पण त्याची सुरुवात गुणकावरून होऊ नये. पाच-दहा गावांत एक हंगाम प्रत्यक्ष तोलून बघावं: किती निघाली, किती चुलीला गेली, किती शेजारणीला, किती मातीला, आणि मग उरली किती. हे काम शाळा शिकलेली चार पोरं आणि एक काटा यांच्याने होण्यासारखं आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात पऱ्हाटी घ्यायला पहिल्यांदा बाहेरचं गिऱ्हाईक आलं, इथेनॉलवालं नव्हे, बॉयलरसाठी ब्रिकेट, म्हणजे काडीकचरा दाबून जळणाचे ठोकळे, करणारं. त्याला बोंडं झाडलेली, वाळलेली, बुडाची माती झटकलेली पऱ्हाटी हवी होती. तीन जणांनी दिली. भाव ठरला ट्रॉलीवर. एकाची ट्रॉली दाबून भरलेली, दुसऱ्याची वरवर रचलेली, पैसे दोघांना सारखे. दाबून भरणाऱ्याने वजन करायला सांगितलं, तर सगळ्यात जवळचा वजनकाटा अठरा किलोमीटरवर जिनिंगमध्ये निघाला, आणि तिथे जाऊन यायला गाडीवाला तयार झाला नाही.